देणाऱ्याची नजर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी इथे जमता, त्यांची सारी हयात सहकारी पतपुरवठ्यात गेली. म्हणून आजचा विषयही मी कर्जाचाच निवडला. फरक इतकाच की हे कर्ज देशांना मिळते आणि ते देणाऱ्या संस्थांची कचेरी वॉशिंग्टनला, मनिलाला किंवा बीजिंगला असते.

जागतिक बँकेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक सगळे कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने. अटी कोणत्या घातल्या, सार्वभौमत्वाचे काय झाले, विस्थापितांचे काय झाले, हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. आज मात्र मला पलीकडे जाऊन पाहायचे आहे. ज्या देशाच्या तिजोरीतून पैसा जातो त्या देशाला या संस्था कशा दिसतात? उदाहरण अमेरिकेचे घेतो. एक तर ती सर्वांत मोठी भागधारक आहे, आणि दुसरे म्हणजे तिथली या विषयावरची भांडणे चव्हाट्यावर होतात, छापली जातात, वाचायला मिळतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. देणाऱ्या देशाला एक नजर नसते. अर्थखात्याला बँक एक दिसते, कायदेमंडळाला दुसरी आणि तिथल्या जागरूक नागरिकांना तिसरी. सातपुड्यातल्या माणसाचे गाऱ्हाणे वॉशिंग्टनपर्यंत पोचले ते या तीन नजरांच्या भांडणात पडलेल्या फटीतून. आज भारत स्वतः देणारा देश झाला आहे. आपल्याकडे अशी फट कुठे आहे, हा प्रश्न मला काही वर्षांपासून छळतो आहे.

सुरुवात १९४४ च्या जुलैपासून करू. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची आखणी करायला न्यू हॅम्पशायरमधल्या ब्रेटन वुड्स इथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी आपले शिष्टमंडळ तिथे होते आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस पुढे दहा वर्षे जागतिक बँकेच्या गव्हर्नर मंडळावर भारताच्या वतीने बसला. मागासलेल्या देशांच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख नाणेनिधीच्या उद्दिष्टांत यावा, असा भारतीय शिष्टमंडळाचा आग्रह होता. तो त्या रूपात मान्य झाला नाही. अमेरिकेच्या डोळ्यांसमोर युरोप होता, आणि बँकेचे पहिले कर्जही १९४७ साली फ्रान्सला गेले. २५ कोटी डॉलरचे. भारताची पाळी १९४९ मध्ये आली. रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर मिळाले.

बँकेच्या भांडवलाची रचना इथे जरा बारकाईने पाहायला हवी, कारण अर्थखात्याची नजर तिच्यातूनच घडली. अमेरिकेने सुरुवातीला ३१७ कोटी ५० लाख डॉलरचे भाग घेतले. ऐकायला आकडा प्रचंड वाटतो. प्रत्यक्षात भागाच्या रकमेपैकी फक्त २० टक्के भरायचे होते, म्हणजे ६३ कोटी ५० लाख. उरलेले ८० टक्के ही हमी होती. बँक कधी अडचणीत आली तरच ते मागायचे. बँकेच्या सबंध इतिहासात ही हमी एकदाही मागावी लागलेली नाही. त्या हमीच्या जोरावर बँकेने १९४७ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात रोखे विकले, गुंतवणूकदारांकडून स्वस्तात पैसा उभा केला आणि तो पुढे कर्जाने दिला. म्हणजे ज्याला आपण अमेरिकेचा पैसा म्हणतो त्यातला मोठा भाग पेन्शन फंडांचा आणि विमा कंपन्यांचा होता. तो फेडला कर्जदार देशांनीच, व्याजासकट.

अमेरिकन अर्थखात्याचे अधिकारी काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या कायदेमंडळापुढे, साक्ष देताना वर्षानुवर्षे हेच सांगत आले: आपण थोडे टाकतो आणि त्यातून कितीतरी पटींनी कर्ज उभे राहते. द्विपक्षीय मदत दिली तर सगळा भार आपल्यावर, इथे इतर देश वाटेकरी होतात. शिवाय बँकेच्या प्रकल्पांची कंत्राटे आपल्या कंपन्यांनाही मिळतात. हा हिशेब खोटा नाही. आणि या थोड्या पैशात अमेरिकेच्या हाती काय आले ते पाहा. बँकेची कचेरी व्हाइट हाउसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बँकेचा अध्यक्ष आजवर प्रत्येक वेळी अमेरिकेने सुचवलेला अमेरिकन नागरिकच झाला. सध्याचे अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म पुण्याजवळ खडकीचा, पण अध्यक्षपदी त्यांचे नाव सुचवले ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी. आणि बँकेची घटना बदलायची तर ८५ टक्के मते लागतात. अमेरिकेकडे सुमारे १६ टक्के आहेत, म्हणजे तिच्या संमतीशिवाय एक अक्षर हलत नाही. ही अट पूर्वी ८० टक्क्यांची होती. अमेरिकेचा वाटा घसरून वीस टक्क्यांच्या खाली आला तेव्हा, १९८९ मध्ये, ती ८५ करण्यात आली. वाटा कमी झाला, नकाराधिकार शाबूत राहिला.

आपल्या गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीत शंभर रुपयांचा भाग घेणाऱ्यालाही एकच मत आणि हजारांचा घेणाऱ्यालाही एकच. जागतिक बँकेत मत भांडवलाच्या मापाने मिळते. हा फरक कुणाच्या नजरचुकीने राहिलेला नाही. १९४९ मध्ये आपले अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक विकासविषयक उपआयोगाचे अध्यक्ष होते. गरीब देशांना अगदी नाममात्र दराने, दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी संस्था संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली काढावी, अशी योजना त्यांनी मांडली. संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाला एक मत. श्रीमंत देशांना ते परवडणारे नव्हते. दहा वर्षे ही मागणी निरनिराळ्या नावांनी पुढे येत राहिली आणि अमेरिका तिला टाळत राहिली. शेवटी १९५८ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोन्रोनी यांनी ठराव आणला की अशी संस्था काढावी, पण ती जागतिक बँकेच्या पोटात. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले की संयुक्त राष्ट्रांतल्या त्या मागणीला उतारा म्हणूनच ही कल्पना पुढे आली. सप्टेंबर १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय विकास संघ, म्हणजे आयडीए, जन्माला आला. परतफेडीची मुदत पन्नास वर्षे, पहिली दहा वर्षे हप्ता नाही, व्याज नाही, फक्त पाऊण टक्का सेवाआकार. रावांना हवी होती ती कर्जाची तऱ्हा मिळाली, हवी होती ती मतांची पद्धत मिळाली नाही.

पण या तडजोडीत एक गोष्ट अशी घडली की जिचा अंदाज तिच्या कर्त्यांनाही नसावा. आयडीएचा पैसा बाजारातून रोख्यांनी उभा राहणारा नव्हता. जवळजवळ बिनव्याजी कर्ज द्यायचे तर कुणीतरी खरोखरच पैसा दिला पाहिजे. म्हणून दर तीन वर्षांनी देणाऱ्या देशांनी एकत्र बसायचे, झोळी भरायची. आणि अमेरिकेत अशी रक्कम द्यायची तर ती काँग्रेसने मंजूर करावी लागते. हमीच्या भांडवलावर काँग्रेस वर्षानुवर्षे डोळेझाक करू शकत होती. आयडीएच्या बाबतीत तिला दर तीन वर्षांनी विचारावेच लागले. कॅन्ससच्या शेतकऱ्याचा किंवा मॅसॅच्युसेट्समधल्या शिक्षिकेचा कर आपण परदेशी का पाठवतो, हे प्रतिनिधीला मतदारसंघात जाऊन सांगावे लागते. बँकेवर कायदेमंडळाची नजर बसली ती इथून.

ही नजर नेहमी उदार होती असे मुळीच नाही. १९७९ मध्ये काँग्रेसने आयडीएचा पैसा अडवायचा धाक घातला, तेव्हा बँकेचे त्यावेळचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनमारा यांना लेखी द्यावे लागले की येत्या वर्षात व्हिएतनामला कर्ज देणार नाही. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अध्यक्षाने एका देशाच्या प्रतिनिधीला असे पत्र द्यावे, हे त्या संस्थेला शोभणारे नव्हते. १९८१ नंतर रेगन यांच्या कारकिर्दीत आयडीएचा हात आणखी आखडला. त्याआधी १२०० कोटी डॉलरची भरणी ठरली होती. तिच्यातला अमेरिकेचा ३२४ कोटींचा वाटा तीनऐवजी चार वर्षांत दिला गेला, आणि पुढची भरणी अमेरिकेच्या हट्टापायी ९०० कोटींवर आली. याची झळ सर्वांत जास्त कुणाला बसली असेल तर भारताला. तोवरच्या आयडीए कर्जांपैकी सुमारे ४० टक्के भारताच्या वाट्याला आली होती. त्यात १९८० मध्ये चीन बँकेत आला आणि वाटेकरी वाढला. त्याच सुमारास, १९८१ मध्ये, भारताने नाणेनिधीकडे ५०० कोटी एसडीआरचे, म्हणजे नाणेनिधीच्या स्वतःच्या हिशेबी एककातले, कर्ज मागितले. नाणेनिधीने तोवर कुणालाही एवढे मोठे कर्ज दिले नव्हते. ते मंजूर झाले, पण अमेरिका मतदानापासून दूर राहिली. १९९८ च्या पोखरणच्या चाचण्यांनंतर तर अमेरिकन कायद्यानेच तिच्या प्रतिनिधीला भारताच्या कर्जांना विरोध करायला भाग पाडले, मूलभूत मानवी गरजांची कर्जे तेवढी वगळून.

याच काळातला एक दस्तऐवज अर्थखात्याचे मन उघडे करतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये अमेरिकन अर्थखात्याने जागतिक बँक आणि तिच्यासारख्या इतर विकास बँकांतल्या आपल्या सहभागाचा आढावा घेतला. रेगन यांच्या पक्षातल्या अनेकांना त्यातून अमेरिकेने बाहेर पडावे असा निष्कर्ष हवा होता. निघाले उलटेच. अमेरिकेने ज्या १४ महत्त्वाच्या मुद्द्यांवर या बँकांची दिशा वळवायचा प्रयत्न केला, त्यांपैकी १२ ठिकाणी तिचे म्हणणे चालले होते. अर्थखात्याने याचा अर्थ असा लावला की पैसा थोडा जातो, शब्द राहतो, तेव्हा टिकून राहावे. काँग्रेसमधल्या अनेकांना मात्र ही बँक कुणालाच जबाबदार नसलेली, फाइलीवर फाइल मंजूर करणारी नोकरशाही वाटत होती. बँकेच्याच अंतर्गत पाहणीने १९९२ मध्ये त्यांना पुरावा दिला. १९९१ मध्ये तपासलेल्या प्रकल्पांपैकी ३७.५ टक्के प्रकल्प असमाधानकारक ठरले होते. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण १५ टक्के होते.

आता मी सातपुड्यात येतो.

१९८५ मध्ये जागतिक बँकेने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी आणि त्याच्या कालव्यासाठी मिळून ४५ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातले २५ कोटी आयडीएचे, म्हणजे देणाऱ्या देशांच्या करदात्यांचे. धरण गुजरातेत, पण बुडिताखाली महाराष्ट्रातली ३३ गावे येत होती. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचे आपले गाव मणिबेली.

या गावांत भिल्ल, पावरा, तडवी पिढ्यान् पिढ्या डोंगरउतारावर शेती करत होते. त्याला तिथे नेवाड म्हणतात. जमीन कसणाऱ्याची, पण सातबारा कुणाचाच नाही, कारण कागदोपत्री ते सगळे वनखात्याचे जंगल. १९७९ च्या नर्मदा लवादाने जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर द्यायचे ठरवले होते. मग ज्याच्याकडे कागद नाही त्याचे काय? महाराष्ट्र सरकारच्या लेखी तो भूमिहीन होता, अतिक्रमण करणारा होता. ज्या शेतात त्याच्या आज्याने ज्वारी पेरली त्या शेतात तो अतिक्रमणदार! पण १९८५ मध्ये बँकेने संबंधित राज्यांशी जे करार केले, त्यांत विस्थापिताचे राहणीमान पूर्वीपेक्षा खालावता कामा नये, अशी अट होती. म्हणजे अक्राणीच्या आदिवासीला मुंबईच्या मंत्रालयातल्या शासन निर्णयापेक्षा वॉशिंग्टनच्या करारात जास्त हक्क होता. त्याला तो वाचून दाखवणारे कुणी नव्हते, एवढेच. कार्यकर्ते गावात आले, त्यांनी तो वाचला, आणि मग मणिबेलीतून वॉशिंग्टनला जायचा रस्ता दिसू लागला.

ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या एका उपसमितीने, जेम्स शॉयर यांच्या अध्यक्षतेखाली, सरदार सरोवरावर उघडी सुनावणी घेतली. मेधा पाटकरांनी तिथे साक्ष दिली. ही घटना मला फार मोलाची वाटते. धरण भारतातले, राज्य सरकारे भारतातली, माणसे भारतातली. आणि आमचे काय होणार, हे कायदेमंडळाच्या समितीसमोर, पत्रकार बसलेले असताना, नोंदीवर सांगायची संधी त्यांना मिळाली ती अमेरिकेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नॅन्सी पेलोसी यांच्या पुढाकाराने एक कलम कायद्यात आले: मोठ्या पर्यावरणीय परिणामांच्या प्रकल्पाचा अभ्यास मतदानाच्या १२० दिवस आधी खुला झाला नसेल, तर अमेरिकेचा प्रतिनिधी त्या कर्जाच्या बाजूने मत देणार नाही. बँकेला आपले नियम बदलणे भाग पडले. १९९० मध्ये जपाननेही या प्रकल्पासाठीचा पुढचा पैसा थांबवला.

बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष बार्बर कोनेबल स्वतः वीस वर्षे काँग्रेसमध्ये बसलेले. प्रतिनिधीगृहातला वारा कुठून वाहतो आहे हे त्यांना कळत होते. १९९१ मध्ये त्यांनी ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी नेमली. बँकेने स्वतःच्याच चालू प्रकल्पाची बाहेरच्यांकडून अशी चौकशी पूर्वी कधी केली नव्हती. जून १९९२ मध्ये अहवाल आला. विस्थापनाचा नीट अंदाज ना बँकेने घेतला, ना भारताने. पुनर्वसन या परिस्थितीत होणारच नाही. बँकेने पाऊल मागे घ्यावे. अतिक्रमणदार ठरवल्या गेलेल्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचा प्रश्नही मोर्स यांनी दडवला नाही.

ऑक्टोबर १९९२ मध्ये बँकेच्या संचालक मंडळात मतदान झाले. कर्ज थांबवावे या बाजूला अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर युरोपातले देश होते. त्यांची मते सुमारे ४२ टक्के भरली. बाकीच्यांच्या जोरावर प्रकल्प चालू राहिला, सहा महिन्यांच्या अटींवर. अटी पूर्ण होण्याची चिन्हे दिसेनात. मार्च १९९३ च्या अखेरीस भारत सरकारने स्वतःच जाहीर केले की उरलेला पैसा आम्हाला नको.

त्यावेळी आपल्याकडे यावर संताप उसळला होता. परक्यांनी आपल्या धरणात लक्ष का घालावे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. अमेरिकेने आपल्या आदिवासींवर कसे राज्य केले ते जगाला ठाऊक आहे आणि तिथली धरणे बांधताना त्यांचीही गावे बुडाली. पण हा आक्षेप घेणाऱ्यांना माझा प्रश्न असा की मणिबेलीच्या माणसाने आधी कुणाचे दार ठोठावले होते? त्याने तहसील कचेरी गाठली, धुळ्याचे कलेक्टर ऑफिस गाठले, मुंबईत मोर्चे नेले. ही सगळी दारे किलकिली तरी झाली असती, तर त्याला सातासमुद्रापलीकडे जावेच लागले नसते.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. बँक गेली, धरण थांबले नाही. गुजरातने रोखे काढले, देशातला पैसा उभा केला. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीतली घरे पाण्यात गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे खटला चालला आणि २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. देणारा देश पैसा काढून घेऊ शकतो. त्या पैशाबरोबर त्याच्या अटीही जातात आणि मागे राहिलेल्या माणसाच्या हातातला करारही निघून जातो. जागतिक बँक नर्मदेतून बाहेर पडल्याने सातपुड्यातल्या माणसाचे भले झाले असे म्हणायला मी धजणार नाही.

भले झाले ते दुसरीकडे. १९९३ मध्ये आयडीएची दहावी भरणी काँग्रेसपुढे आली. प्रतिनिधीगृहातल्या संबंधित उपसमितीचे अध्यक्ष बार्नी फ्रँक यांनी बँकेला सरळ सांगितले की माहिती खुली करा आणि तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा उभी करा, तर पैसा मंजूर होईल. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेने तपासणी पॅनेल स्थापन केले. जिथे प्रकल्प होतो तिथल्या लोकांना, आपल्या सरकारच्या परवानगीशिवाय, थेट तक्रार करता येईल अशी ही सोय होती. पहिलीच तक्रार नेपाळच्या अरुण-३ धरणाची आली आणि १९९५ मध्ये बँकेने त्या प्रकल्पातून अंग काढले. मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा अशी मागणी करणाऱ्या १९९४ च्या जाहीरनाम्यावर ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी सह्या केल्या. त्याला नाव दिले गेले मणिबेलीचे.

आणि हे पॅनेल फिरत फिरत मुंबईत आले. २००२ मध्ये मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला बँकेने कर्ज दिले. रेल्वेमार्ग वाढवायचे, सांताक्रूझ-चेंबूर आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ते करायचे. त्यासाठी सुमारे १ लाख २० हजार माणसे हलवायची होती. कुर्ल्याच्या लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या दुकानदारांचे म्हणणे अगदी साधे होते. दुकान केवढेही असो, फुकट मिळणारी जागा २२५ चौरस फुटांची. ज्याचा गाळा मोठा, ज्याच्याकडे चार कारागीर, ज्याचे गिऱ्हाईक रस्त्यावरून जाता-येता आत शिरणारे, त्याने हे सगळे घेऊन मानखुर्दला किंवा वाशी नाक्याला जायचे कसे? आणि गेला तरी त्याच्याकडे येणार कोण? २००४ मध्ये त्यांनी पॅनेलकडे तक्रार केली. पॅनेलचे लोक मुंबईत आले, गाळ्यागाळ्यातून फिरले. अहवालात बँकेच्या चुका निघाल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांसाठीचा आणि पुनर्वसनासाठीचा पैसा रोखला. तोवर दुकानदारांची गाठ कधी न घेणारे अधिकारी त्यांच्याशी बोलणी करू लागले. जूनअखेरीस पैसा पुन्हा सुरू झाला. सगळ्यांना सगळे मिळाले असे नाही, पण काहींना पर्यायी जागा निवडता आली. नर्मदेकाठच्या गावांना ज्याचा फायदा मिळाला नाही, तो कुर्ल्याच्या दुकानदाराला थोडाफार मिळाला. मधला दुवा होता अमेरिकन प्रतिनिधीगृहातली एक उपसमिती आणि दर तीन वर्षांनी मंजूर करावा लागणारा पैसा.

आज त्या देशातले वारे बदलले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये आयडीएच्या एकविसाव्या भरणीला अमेरिकेने ४०० कोटी डॉलर कबूल केले. नव्या सरकारने पुढच्या अंदाजपत्रकात ते ३२० कोटींवर आणले. द्विपक्षीय मदत देणारी त्यांची यूएसएड ही संस्थाच २०२५ मध्ये गुंडाळली गेली. तरी जागतिक बँकेतून अमेरिका बाहेर पडलेली नाही. १९८२ चा तो अर्थखात्याचा हिशेब अजून लागू आहे. अर्थमंत्री बेसंट यांनी बँकेने आपल्या मूळ कामाकडे वळावे असे सुनावले, पण आम्ही निघालो असे म्हटले नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्या नजरेची. काँग्रेसमध्ये विस्थापितांच्या बाजूने प्रश्न विचारणारे आवाज क्षीण होत चालले आहेत, आणि फक्त अर्थखात्याची नजर उरली तर नर्मदेच्या काळातली फट बुजेल.

आता आपल्याकडे वळतो, कारण आता आपणही देणारे आहोत. २०१४ मध्ये आयडीएच्या कर्जदारांच्या यादीतून भारत बाहेर पडला आणि देणाऱ्यांच्या यादीत गेला. बीजिंगच्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत आपण दुसरे मोठे भागधारक आहोत आणि सर्वांत मोठे कर्जदारही. शांघायच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेत स्थापनेच्या वेळी आपला वाटा पाचांतला एक होता, आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले ते मुंबईच्या बँकिंगमध्ये कारकीर्द घडवलेले के. व्ही. कामत. मे २०२५ मध्ये नाणेनिधीत पाकिस्तानच्या कर्जाचा प्रश्न आला तेव्हा भारत मतदानापासून दूर राहिला. १९८१ मध्ये अमेरिकेने आपल्या बाबतीत जे केले होते, तेच आपण केले. त्यामागची आपली कारणे मला पटतात. पण आपली नजर आता देणाऱ्याची झाली आहे, हे मान्य केले पाहिजे.

या नव्या भूमिकेत आपला सर्वांत मोठा हात आहे एक्झिम बँक. मुख्य कचेरी मुंबईत कफ परेडला, मालकी संपूर्णपणे भारत सरकारची. भारत सरकारच्या वतीने ती आफ्रिका-आशियातल्या देशांना पतपुरवठा करते. अशा कर्जातला ७५ टक्के माल आणि सेवा साधारणपणे भारतातूनच घ्यावी लागते. अमेरिकन अर्थखाते जे समाधान मानते तेच आपणही मानतो. इथिओपियाच्या साखर उद्योगाला या बँकेतून ६४ कोटी डॉलर दिले गेले. त्यातला एक कारखाना तेंडाहोचा, अवाश नदीच्या खोऱ्यात. ठरल्यापेक्षा तो बराच उशिरा उभा राहिला. त्या खोऱ्यात अफार पशुपालक राहतात. उन्हाळ्यात सगळीकडचे गवत संपले की उंट आणि गुरे घेऊन ते नदीकाठी येतात. त्यांची दुष्काळातली चराई म्हणजे हीच जमीन. तिथे ऊस लागला. त्यांच्याकडेही सातबारा नाही. कागदोपत्री जमीन सरकारची आहे.

उसाचे आणि साखर कारखान्यांचे महाराष्ट्राला काही सांगायला नको. पाण्याचा हिस्सा उसाकडे गेला की बाकीच्यांचे काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. अवाशच्या काठचा पशुपालक आज आपली तक्रार कुठे नेणार? अदिस अबाबात त्याचे ऐकले गेले नाही, असे धरून चाला. नर्मदेच्या माणसाला वॉशिंग्टनमध्ये उघडी सुनावणी मिळाली. अफार पशुपालकासाठी दिल्लीत अशी जागा नाही. आपल्या संसदेची परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती या कर्जांची दखल घेते, विलंबावर ताशेरेही ओढते. पण आपल्या संसदीय समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. तिथे परदेशातल्या विस्थापिताने येऊन, वार्ताहर ऐकत असताना, नोंदीवर बोलावे अशी प्रथाच नाही. बीजिंगच्या बँकेनेसुद्धा २०१९ पासून प्रकल्पबाधितांच्या तक्रारीची सोय केली आहे.

म्हणून माझी मागणी ठोस आहे. एक्झिम बँकेच्या सरकारी पतपुरवठ्यावर प्रकल्पबाधितांना थेट तक्रार करता येईल असे स्वतंत्र पॅनेल नेमावे. ज्या प्रकल्पाला विस्थापन आहे त्याचा परिणामांचा अभ्यास कर्ज मंजूर होण्याच्या आधी चार महिने खुला करावा. आणि संसदेच्या समितीने वर्षातून एकदा तरी या विषयावर उघडी सुनावणी घ्यावी, तिथे कर्ज घेणाऱ्या देशातल्या लोकांना बोलवावे. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ खासदार जातात आणि या बँकेची मुख्य कचेरी आपल्या राजधानीत आहे. पुढच्या अधिवेशनात यातल्या एकाने तरी तेंडाहोच्या चराऊ जमिनीचे काय झाले हा प्रश्न लेखी विचारावा, अशी विनंती करणारे पत्र आपण सगळे मिळून पाठवू. त्याचा मसुदा मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर सह्यांसाठी तो टेबलावर ठेवतो.